डोळ्यानं शिवणाऱ्या दोघी

हॉस्पिटलात त्यांना सगळे 'मोजेवाल्या बाई' म्हणायचे, अर्थात पाठीमागे. रोबोटवर फुप्फुसाच्या कॅन्सरचं ऑपरेशन करायचं तर सर्जन पेशंटपासून चार हात लांब, कोपऱ्यातल्या यंत्रात डोकं खुपसून बसतो. बोटं कड्यांत, पाय पेडलांवर. कुठलं पेडल कुठं ते तळव्याला कळावं म्हणून बाई चपला काढून नुसत्या मोज्यांवर बसायच्या. मोजेही आईनं टाचेला रफू केलेले.

बावीस वर्षं बाईंनी छात्या हातानं उघडल्या होत्या. बरगड्या फाकवून आत हात घातला की गाठ कुठवर पोचलीय ते बोटंच सांगायची. पन्नाशीला टेकल्या आणि हे यंत्र आलं, बाई पुन्हा बालवाडीत! दिसायचं दहापट मोठं, पण हाताला म्हणून काही लागायचं नाही. सवयीनं दोरा ओढायच्या आणि तो तट्‌कन तुटायचा. सरावाच्या रबरी नळीवर एका दुपारी त्यांनी नऊ दोरे तोडले.

घरी येऊन धुसफुसल्या. खिडकीपाशी आई उशीचा अभ्रा शिवत होती. लोकांचे कपडे शिवून तिनंच लेकीला डॉक्टर केलेलं. साखरेच्या आजारानं आता तिच्या बोटांची टोकं बधिर झाली होती.

"हाताला काही लागतच नाही गं, आई."

"मला तरी कुठं लागतं? सुई टोचलेली रक्त दिसल्यावर कळते."

"मग शिवतेस कशी?"

"डोळ्यानं! दोरा सैल असला की टाका उभा राहतो. जास्त ओढला की कापड तोंड आवळतं, आंबट खाल्ल्यासारखं. ते आवळायच्या आत थांबायचं. एवढी शिकलीस न् एवढं कळेना?"

लेकीनं खुर्ची ओढली आणि जेवणाची वेळ होईपर्यंत आईच्या सुईकडे बघत बसली. त्यानंतर दोरे तुटायचे कमी झाले. पाच वर्षांत त्या यंत्रावर बाईंचा असा हात बसला की शिकायला लोक यायला लागले.

मग एक पोस्टमन आला, बाईंच्याच भागात टपाल वाटणारा. गाठ बरोब्बर उजव्या फुप्फुसाकडच्या श्वासनळीच्या फाट्यावर. तेवढा तुकडा कापून नळीची दोन टोकं पुन्हा जोडली, तर उजवं फुप्फुस बरंचसं वाचणार. जोड धरला नाही तर अख्खं जाणार.

"अख्खं गेलं तर जिने चढता येतील का हो?" त्यानं विचारलं.

"चढाल, पण टपालाची पिशवी घेऊन नाही."

त्यानं टोपीची कड चाचपली. "आणि कापणार कोण? तुम्ही का ते मशीन?"

"मीच. मशीन सांगेन तेवढंच करतं. आमच्या घरात असं ऐकणारं कुणी नाही."

ऑपरेशनच्या दिवशी गाठ नीट निघाली. जोड शिवताना सातव्या टाक्याला बाईंच्या आतला जुना हात जागा झाला. नळी घट्ट बसली का ते चाचपायला त्यांनी दोरा हलकेच ओढला, आणि तट्‌!

पेशंटपाशी उभा असलेला मदतनीस डॉक्टर म्हणाला, "बाई, छाती उघडायची का?"

उघडण्यात लाज नव्हती. त्यांनी कितीदा उघडली होती. पण बरगड्या फाकवल्या की दुखणं महिनोन्‌महिने मागे लागतं. बाईंनी यंत्रातून डोकं बाहेर काढलं, बोटं मोकळी केली. "अजून एक दोरा द्या. हा तुटला तर उघडू."

या वेळी हात काय सांगतोय तिकडे त्यांनी लक्षच दिलं नाही. नळीची कड तेवढी बघितली. कड तोंड आवळायला लागायची, त्याच्या केसभर आधी थांबायचं. टाक्यामागून टाका. मोज्यातली बोटं मात्र पेडलावर गच्च वळलेली.

आता परीक्षा. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात धरतो तसं छातीत पाणी सोडलं, भूलतज्ज्ञानं फुप्फुसात हवा भरली. एक बुडबुडा वर आला. सिस्टर पुटपुटल्या, "अगं बाई!"

"थांबा. पाण्याबरोबर आलेला असेल. पुन्हा भरा."

पुन्हा हवा भरली. पाणी शांत. तिसऱ्यांदाही शांत.

"चहा सांगा," बाई म्हणाल्या. "आणि माझी एक चप्पल कुणी सरकवली ते बघा."

चार महिन्यांनी एका सकाळी बाईंच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दाराची बेल वाजली. दारात पोस्टमन, खांद्यावर पिशवी.

"टपाल खालच्या पेटीत टाकायचं ना!" बाई ओरडल्या.

"दाखवायला आलो," तो धापा टाकत म्हणाला. "दोनदा थांबलो. पण आलो."

आतून आई आली. तिनं त्याच्याकडे नाही, पिशवीच्या पट्ट्याकडे बघितलं. शिवणीपाशी कापडाला सुरकुत्या पडलेल्या.

"कुणी शिवला हा? कापडाचं तोंड बघ कसं झालंय! काढ ती पिशवी, मी नीट करते."

"आजी, मला पुढं अजून दोन इमारती आहेत."

"बस म्हटलं ना! श्वास तरी घे."

पोस्टमन बसला. आईनं सुई लेकीपुढे धरली, बाईंनी दोरा ओवून दिला, आणि दोघी पट्ट्यावर वाकल्या.