गाव आधी, मग गट नंबर

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे सणसरला माझ्या सासरी सगळ्यांना माहीत आहे आणि बारामतीच्या ज्या खासगी रुग्णालयात मी रेकॉर्ड विभाग सांभाळते तिथंही. त्यामुळे आजारांच्या कोडची नवी पद्धत शिकवायचं काम मोठ्या डॉक्टरांनी माझ्यावर सोपवलं, तेव्हा कँटीनमध्ये थोडी कुजबुज झालीच असणार. मला मात्र आनंद झाला होता. पुण्याला जाऊन तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आले होते आणि अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाले होते.

पद्धत सांगायला सोपी. आजवर आम्ही केसपेपरवर निदान शब्दांत लिहायचो. कुणी दमा लिही, कुणी धाप, कुणी इंग्रजीत असं काही लिही की लिहिणाऱ्यालाच नंतर वाचता येऊ नये. वर्षाअखेरीला दम्याचे पेशंट किती आले हे काढताना माझे डोळे जायचे. आता प्रत्येक निदानाला ठरलेला कोड. आधी एक इंग्रजी अक्षर, मागं आकडे. दमा म्हणजे जे ४५. वॉर्डातल्या सिस्टरनं पुस्तकात कोड शोधायचा आणि कॉम्प्युटरमध्ये भरायचा. डॉक्टरांनी जाहीर करून टाकलं की ज्यांना हे जमेल त्यांनीच वॉर्ड सांभाळायचा. बाकीच्यांसाठी तळमजल्यावरचं स्टोअर होतं. तिथं दिवसभर चादरी आणि हातमोजे मोजत बसायचं.

बाळंतपणाच्या वॉर्डात एक मोठ्या सिस्टर होत्या. कोऱ्हाळे बुद्रुकच्या, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या. त्यांच्या हातावर जन्मलेल्या पोरी आता त्यांच्याच हाताखाली बाळंत होत होत्या. पहिल्या दिवशीच त्या मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "मॅडम, मला स्टोअरमदी घालू नका. माणसांत राहिलेलं माणूस हाय मी. तितं गेले तर त्यापरीस घरी बसंन."

"शिकलात तर कशाला घालतील?" मी म्हणाले. धीर द्यायचा होता, पण माझ्या तोंडून तो दरडावल्यासारखा बाहेर पडला.

त्या शिकायला पहिल्या बाकावर बसायच्या. चष्मा पुसून पुसून भिंतीवरच्या पडद्याकडे बघायच्या, वहीत सगळं उतरवून घ्यायच्या. चार दिवस मी बोलत होते. पाचव्या दिवशी, शनिवारी, सराव परीक्षा घेतली. वीस जुने केसपेपर, वीस निदानं, प्रत्येकासमोर कोड लिहायचा.

संध्याकाळी पेपर तपासले. तरण्या पोरींचे ठीक होते. मोठ्या सिस्टरांचे वीसच्या वीस चुकलेले. एकाही कोडच्या पुढं अक्षर नाही, नुसते आकडे. चार दिवस घसा फोडून मी हेच सांगत होते की अक्षर आधी, अक्षर आधी. पालथ्या घड्यावर पाणी! माझं डोकं सणकलं. डॉक्टरांना सोमवारी द्यायच्या यादीत मी त्यांचं नाव स्टोअरच्या रकान्यात लिहिलं आणि पुढं शेराही मारला, 'वयामुळे जमणार नाही.' यादी टेबलावर टाकून पाणी प्यायला गेले. परत येऊन ती फाईलमध्ये ठेवली, पेपर पिशवीत घातले आणि घरी निघाले. वाटेत उसाच्या ट्रॉल्यांमागं स्कूटी रांगत होती आणि मी मनातल्या मनात सिस्टरांशी भांडत होते.

रविवारी दुपारी ओट्यावर आबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, आणि शेजारच्या तात्यांची चर्चा रंगली होती. कुठल्या उसाचं बेणं आणायचं, हा विषय. आमच्या घरात लग्नकार्याचीसुद्धा एवढी चर्चा होत नाही.

"औंदा २६५ नगं," आबा म्हणत होते. "८६०३२च लावू."

मी चहाचे कप घेऊन उभी होते. गेली पंधरा वर्षं मी हे आकडे ऐकत आले आहे. उसाच्या जातींची नावंच ती. आमच्याकडं लहान पोरांनाही पाढ्यांच्या आधी ती पाठ होतात. त्या दिवशी मात्र मी विचारलं, "आबा, या आकड्यांच्या आधी इंग्रजी अक्षरं असतात ना?"

"असत्यात की. को का काय म्हनत्यात. पर ती कोन बोलतंय? आकडा म्हनला की जात कळती."

चहा तसाच ठेवून मी आत पळाले. पिशवीतून सिस्टरांचा पेपर काढला. दम्यासमोर ४५. बरोबर. साखरेच्या आजारासमोर ११. बरोबर. नैसर्गिक बाळंतपणासमोर ८०. तेही बरोबर. वीसच्या वीस आकडे अचूक. पुस्तकात शोधून, ओळीवर बोट ठेवून लिहिल्याशिवाय हे होणं शक्य नव्हतं. कोऱ्हाळ्याच्या उसात जन्म गेलेल्या बाईनं आकडा खरा मानला होता आणि अक्षर शोभेचं. मला स्वतःची लाज वाटली. फार वेळ नाही, कारण बाहेरून आबा ओरडले की कपात साखरच नाही.

सोमवारी यादी न देता मी आधी वॉर्डात गेले. सिस्टर एका बाळाला दुपट्यात गुंडाळत होत्या.

"सिस्टर, कोडच्या आधीचं अक्षर का नाही लिहिलं?"

"आकडं चुकलं का?"

"नाही. आकडे सगळे बरोबर आहेत."

"मग?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

मी सांगितलं की ८० एकटाच नसतो. ओ ८० म्हणजे सुखरूप बाळंतपण, आय ८० म्हणजे शिरेची सूज, आणि जे ८० म्हणजे फुप्फुसाचं गंभीर दुखणं. नुसतं ८० भरलं तर तुमची ही बाळंतीण कुठल्या वॉर्डात जाईल?

त्या दुपट्याची गाठ मारता मारता थांबल्या. "म्हंजे गट नंबरासारखं हाय व्हय हे! ८० नंबरचा गट आमच्या कोऱ्हाळ्यात बी असंल, सांगवीत बी असंल, तुमच्या सणसरात बी असंल. गाव न्हाय सांगितलं तर तलाठी उतारा कुनाचा दील?"

चार दिवस पडदा लावून मला जे जमलं नव्हतं, ते बाईंनी बाळ गुंडाळता गुंडाळता करून टाकलं.

मग त्यांनी वहीत अक्षरांची गावं वसवली. ओ म्हणजे माहेर, कारण बाळंतपण माहेरीच. ई म्हणजे कारखान्याचं गाव, साखर तिथलीच. एस हे कोयता लागलेल्यांचं आणि पडलेल्या-झडलेल्यांचं. वाचून मी एवढी हसले की शेजारच्या खाटेवरची बाई दचकली. पुढच्या आठवड्यात आमच्या इंदापूरच्या शाखेत शिकवायला गेले तेव्हा मी पडदा लावलाच नाही. सरळ विचारलं, "तुमच्यात कुणाकुणाचा सातबारा आहे?" आणि वर्ग रंगला.

त्याआधी बुधवारी, नवी पद्धत सुरू झाली त्या दिवशी, डॉक्टर स्वतः बाळंतपणाच्या वॉर्डात येऊन उभे राहिले. सकाळीच एक मुलगी झाली होती. सिस्टर कॉम्प्युटरसमोर बसल्या. पाठीमागं आम्ही सगळे. त्यांनी एक बोट वर धरलं, पुटपुटल्या, "आधी गाव," आणि ओ दाबला. मग आठ, मग शून्य. डॉक्टरांनी त्यांना आणखी नऊ केसपेपर दिले. एक चुकला, बाकी सगळे बरोबर. "हा वॉर्ड यांच्याकडंच राहू दे," असं म्हणून डॉक्टर निघून गेले.

मी आनंदानं म्हणाले, "सिस्टर, सुटलात! आता स्टोअर नाही."

"व्हय," त्या म्हणाल्या. उठून त्यांनी ती सकाळची मुलगी उचलली. "यादीतलं नाव खोडलं न्हवं माझं?"

माझा चेहराच पडला.

"शनिवारी चष्मा इसरले म्हनून माघारी आले हुते. तुमी न्हवता. यादी टेबलावरच हुती. वयामुळं जमनार न्हाय, असं लिव्हलं हुतं."

"मग सोमवारी मी आले तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुमी इचारायला आला हुता. म्हनलं, आता इचारत्यात तर सांगावं." त्या हसल्या, अगदी मनापासून. "पर मॅडम, शनिवारी तुमी बी गाव न इचारता गट लावला हुता मला."

त्यांनी ती मुलगी माझ्या हातात दिली, म्हणाल्या, "धरा जरा, हात धुवून येते," आणि आपल्या वॉर्डातून आपल्या चालीनं नळाकडं गेल्या. त्या येईपर्यंत मी बाळाला घेऊन तिथंच उभी राहिले.