पोचलं तर या

देशी भाताचं बियाणं जपणाऱ्या आमच्या गटाची मेल सांभाळणारे दादा भिसेगावात राहतात. एकानं यादीवर मेल टाकली की सर्व्हरनं ती सगळ्या सभासदांना पोचवायची, एवढंच काम; पण ते बिघडलं की दादांशिवाय कुणाचं चालत नाही. दुरुस्ती झाल्यावर चाचणीची मेल पाठवताना ते कधीच 'टेस्ट' लिहीत नाहीत. त्या दिवशी घरी जे शिजत असेल ते लिहितात. "खोटं कशाला धाडायचं, ताई?"

यंदा खालापूरकडच्या सभासदांना पाठवलेल्या मेल तीन महिने परत येत होत्या. बियाण्याचं वाटप तोंडावर आलं, तसे एका रविवारी सकाळी दादा त्यांच्या घरी मला शेजारी घेऊन दुरुस्तीला बसले. "आपला सर्व्हर दुसऱ्याच्या नावानं मेल धाडतोय, म्हणून पलीकडचा सर्व्हर दारातच अडवतोय. आता आपलंच नाव लावू." त्यांनी एक ओळ बदलली आणि चाचणी पाठवली : 'आज वालाचं बिरडं. पोचलं तर या.'

ती त्यांच्या स्वतःच्या पत्त्यावर जायची, ती अख्ख्या यादीला गेली.

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, माफीची मेल टाका.

"का? बिरडं खरंच हाय," म्हणत त्यांनी वहिनींना भात वाढवायला सांगितला.

दुपारी दारात खालापूरचे एक म्हातारे सभासद उभे राहिले, पिशवीत रायवळ आंबे घेऊन. "तीन महिन्यांत एकच मेल आली," ते म्हणाले, "ती पण जेवायची. मग आलो."

दादा 'या, बसा' म्हणायचंही विसरले. आनंदानं आत वळून ओरडले, "पोचलं गं!"