मामाची मांडी

तुमच्या मामाची मांडी अश्लील आहे का? हसू नका, उत्तर द्या. माझ्या मामाची आहे, असा निकाल फोटो टाकायच्या एका साइटने दिला, तोही दोन सेकंदांत.

मामा सीमाभागातल्या येळ्ळूर गावचा. एके काळी मैदानं गाजवलेला पैलवान; आता शेती बघतो आणि सकाळी तालमीत डाव शिकवतो. तालमीत बाईनं पाऊल ठेवायचं नाही, असा नियम. त्या नियमाशी मी शाळेपासून भांडत आलेय, पण उंबऱ्याबाहेर उभी राहूनच. गेल्या हिवाळ्यात तिथूनच तो फोटो काढला. मामा लाल मातीत पालथा पडलेला, अंगावर फक्त लंगोट, आणि एक दांडगा पैलवान पाठीवर उभा राहून पायांनी त्याचं अंग रगडतोय. उन्हाची तिरीप नेमकी मांडीवर. मी तो टाकला आणि खाली लिहिलं : श्रम, माती, देह.

लगेच फोटोवर धुरकट पडदा आला. नग्नता असू शकते म्हणे. त्याच्याच खाली चड्डीची जाहिरात होती. तिच्यातल्या माणसाच्या अंगावर मामाइतकेच कपडे होते आणि त्याला कामधंदा काही नव्हता. त्याच्यावर पडदा नाही.

माझे वडील, आमचे आप्पा, सीमाप्रश्नापासून गावच्या पाण्याच्या टाकीपर्यंत कशावरही पत्रक काढणारे. घरात गोष्टीच्या पुस्तकांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त. त्यामुळे मला साधा अर्ज लिहिता येत नाही, जाहीर निषेधच लिहिता येतो. साइटला तीन पानं धाडली. लंगोट हा कष्टाचा पोशाख आहे, पडदा तुमच्या नजरेवर टाका, वगैरे. चौथ्या दिवशी पडदा उठला. आप्पांना फोन केला तर म्हणाले, "सह्या किती घेतल्यास?"

आठवडाभर मी विजयात होते. मग कळलं की फोटो त्याच साइटवरच्या दुसऱ्या एका पानावर गेलाय. ते पान फक्त उघड्या अंगाच्या पुरुषांचं. तिथं रगडणारा पैलवान कापलेला, मातीही जवळजवळ कापलेली; उरलेत मामाची मांडी, लंगोट आणि अर्धा चेहरा. खालच्या प्रतिक्रिया इथे छापता येणार नाहीत. सगळ्यात सभ्य होती ती अशी : 'काका, एकटेच असता का?'

आणि त्याखाली, देवाशप्पथ, मामाचं उत्तर!

'एकटा न्हाय. पंधराजण असतो. पाच वाजता या, टावेल आणा.'

तालमीतल्या कुणीतरी मामाच्या फोनवर खातं उघडून ते पान दाखवलं होतं आणि मामा ते कुस्तीचं समजला होता. कुणी मांडीचं गुपित विचारलं तर त्यानं लिहिलेलं : 'जोर, बैठका, म्हशीचं दूध. चहा सोडा.' कुणी नुसत्या ज्वाळा पाठवल्या होत्या. त्यालाही उत्तर : 'आग नको, शिस्त पायजे.'

मी गाडी काढली आणि येळ्ळूर गाठलं. मामा तालमीच्या दारात बसला होता.

"मामा, ते पान कुस्तीचं न्हाय."

"मग कशाचं गं?"

आडवळणानं सांगितलं. मामा पोट धरून हसला. "तरीच एकजण माझं लगीन झालंय का इचारत हुता!" हसू ओसरलं. "आवडलं तर आवडलं लोकांस्नी. पर ह्यो फोटू काढलास कवा?"

"उंबऱ्यातनं."

"मी तवा पालथा हुतो."

"कला हाय ती, मामा."

"आसंल. मांडी माझी हाय."

कुस्तीआधी दोघा पैलवानांना मैदानभर फिरवून लोकांना दाखवतात. त्याला आमच्याकडे जोड फिरवणं म्हणतात. मामा त्याबद्दलच बोलला. "जोड फिरवताना समदं गाव मला लंगोटावर बघायचं. पर तितं मी सोताच्या पायानं फिरलोय, लोकांच्या डोळ्यात बघत. हितं माझं तोंड मातीत. इचारलंस व्हय मला?"

नव्हतं विचारलं. नजरेवर तीन पानं लिहिली, पण मामाला एक ओळ विचारली नाही. कापणाऱ्यानं नंतर कापलं. मामाला न कळता त्याचं अंग मी आधीच उचललं होतं. माझा फोटो तिथंच काढून टाकला. त्या दुसऱ्या पानाची तक्रार केली. उत्तर आलं : नियमभंग आढळला नाही. माझा युक्तिवाद त्यांना आता पटला होता. तो कापलेला मामा अजून तिथं आहे.

"आता नीट काढ," मामा म्हणाला. "तू आत यायचं न्हाय, मीच भायेर येतो." (त्या नियमावर मी पत्रक छापायला दिलंय.) लंगोट कसून, हात उंचावून त्यानं तालमीपुढच्या अंगणात एक फेरी मारली. उन्हानं डोळे बारीक झालेले, पोट थोडं पुढं. फोटो काही खास नाही. मामानं तो निरखून बघितला. "टाक."

टाकला. दोन सेकंदांत पडदा.

तुमच्याही फोनमध्ये असं कुणीतरी असेल : उघड्या अंगानं झोपलेले अण्णा, ओढ्यावर लुगडं खोचून धुणं धुणारी मावशी. आजच त्यांच्या शेजारी बसा आणि फोटो त्यांना दाखवा. नको म्हणाले, तर त्यांच्या डोळ्यांदेखत पुसून टाका.