रविवारच्या खेळाला पोरी कशा आल्या

कॉलेजात मी बास्केटबॉल खेळायचे. लग्न, नोकरी, मुलगा यांत तो सुटला आणि चाळिशीनंतर पुन्हा हाती लागला, पिंपळे गुरवच्या एका मैदानावर. रविवारी सकाळी जो येईल त्याने खेळायचं, एवढाच नियम. पण येणारे सगळे माझ्या वयाचे किंवा मोठे. कुणाचा गुडघा गेला, कुणाची बदली झाली, आणि शेवटी आम्ही इतके थोडे उरलो की अर्ध्या कोर्टात एकाच बास्केटवर खेळायला लागलो. आमच्यातले सर्वांत वडील, सांगवीचे रिटायर झालेले एक काका, म्हणायचे, "तरणी पोरं आणा राव. न्हाईतर ह्यो खेळ आपल्यासंगंच जायाचा."

मी ग्रुपवर मेसेज टाकले. सोसायटीतल्या मुलांनी मेसेजला अंगठा दिला आणि रविवारी अंगठा दाखवला.

चाकणला मी ज्या कंपनीत परचेसला आहे, तिथे लाइनवर एक ट्रेनी मुलगी लागली होती. लातूरकडची, काळेवाडीत मैत्रिणींबरोबर खोली करून राहणारी. एकदा कंपनीच्या बसमध्ये तिच्या अंगात शाळेच्या संघाचा जुना टी-शर्ट दिसला. विचारलं, तर म्हणाली, "खेळत होते मॅडम. जिल्ह्यापर्यंत." बोलताना सीटवर ताठ बसली.

मग दर शनिवारी मी तिला विचारायचे, "उद्या येतेस ना?" ती म्हणायची, "येते की मॅडम." आणि यायची नाही. सोमवारी बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसायची. मला राग यायला लागला. एका रविवारी खेळ झाल्यावर मी सरळ काळेवाडीला गेले आणि खालून फोन केला. ती गच्चीवर धुणं धूत होती, मी वर गेले. मला बघून ओले हात ओढणीला पुसत उभी राहिली.

"आलते मॅडम," ती म्हणाली. "एकदा गेटपर्यंत आलते. आत सगळी मोठी माणसं. तुमी पण दिसल्या नाईत. म्हटलं, आपल्याला कोण विचारणार? आले माघारी."

मी नसलेला एकच रविवार होता. ऐन वेळी साताऱ्याला लग्नाला गेले होते आणि तिला कळवायचं राहिलं होतं.

"आणि रविवारीच धुणं, रविवारीच भाजी, रविवारीच झोप," ती पुढे म्हणाली. "हा एकच दिवस असतो मॅडम."

व्यायाम, शिस्त, तरुण वय असं बरंच काही मी येताना मनात जुळवून आणलं होतं. ते तसंच राहिलं. मी म्हटलं, "धुणं माझ्याकडे आण. मशीन लावून जाऊ. आपण खेळेपर्यंत होईल."

"असं कसं मॅडम? दुसऱ्याच्या घरी कपडे..."

शेजारी चादर पिळत असलेली तिची मैत्रीण मध्येच म्हणाली, "माझे पण चालतील का? मला खेळता येत नाही, पण मी येते."

पुढच्या रविवारी मी दोघींना गाडीतून आणलं. सोबत दोन फुगलेल्या पिशव्या. घरी मशीन लावलं आणि मैदानावर गेलो. सगळे चांगले बोलले, पाणी विचारलं, पण खेळ सुरू झाल्यावर पास काही कुणी देईना. मुली नुसत्या इकडून तिकडे पळत होत्या. काकांनी बॉल काखेत मारला आणि खेळ थांबवला.

"पोरींच्या हातात बॉल गेल्याबिगर बास्केट धरायचं न्हाई. कळलं का?"

पहिला पास त्यांनीच लातूरच्या पोरीला दिला. ती आत घुसली, उडी घेणार असं वाटलं, तेवढ्यात तिने बॉल अनवाणी उभ्या असलेल्या मैत्रिणीकडे टाकला. मैत्रिणीने डोळे मिटून फेकला. तो रिंगच्या खालूनच पलीकडे गेला. सगळे हसले, सर्वांत मोठ्यांदा ती मैत्रीणच. त्यानंतर कुणी त्यांना पाणी विचारलं नाही, त्यांनीच आमच्या बाटल्या उचलून तोंडाला लावल्या.

माझ्या घरी पोहे खाताना लातूरची म्हणाली, "सेकंड शिफ्टच्या दोघी येतो म्हणतात. त्यांचं धुणं मात्र मी आणणार नाई."

पुढे काही महिन्यांत त्यांनी खोलीवर सेकंडहँड मशीन घेतलं. आता मेसेज मी टाकत नाही. ती टाकते, आणि उत्तर नाही आलं तर जाऊन दार वाजवते. सोसायटीतली ती अंगठेवाली मुलंही तिने अशीच उठवून आणली.

गेल्या रविवारी पूर्ण कोर्ट भरून वर माणसं उरली. टीम तिनेच पाडल्या. माझ्याजवळ येऊन थोडी घुटमळली.

"ताई, तुमी पुढच्या गेमला बसाल का?"

मी पायरीवर जाऊन बसले. खोटं कशाला बोलू, जरा लागलंच मनाला. काका आधीच तिथे गुडघ्याला मलम चोळत बसले होते. सरकून त्यांनी मला जागा दिली.

"बरं झालं," ते म्हणाले. "दम तरी खाता येतो आता."

समोर तिने मैत्रिणीला पास दिला. या वेळी मैत्रिणीचे डोळे उघडे होते, आणि बॉल रिंगला लागून बाहेर आला.