नानीबाईचा नेम

आमची नानीबाई आत्या कुणाला उसंत देत नाही, स्वतःला तर नाहीच. आई गेल्यावर मला आणि माझ्या बहिणीला, पुजाला, तिनेच वाढवलं. पंचवीस वर्षं ऊस तोडला, मोळ्या डोक्यावरून गाडीत चढवल्या. आता गुडघे कुरकुरतात, ती मात्र कुरकुरत नाही.

यंदा पुजाची शेवटची तीज. आमच्या बंजारा तांड्यातल्या कुवार पोरी श्रावणात टोपलीत गहू पेरतात, रोज पाणी घालतात आणि गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी ते कोंब गात-नाचत पाण्यात सोडतात. दिवाळीनंतर पुजाचं लग्न. म्हणून यंदा तिच्यासोबत पाण्यापर्यंत चालत जायचंच, असा आत्याचा हट्ट. मी एसटीत कंडक्टर, सुट्टी काढून आलो होतो. म्हटलं, "आत्या, गाडीवर बस की."

"तीज काय फटफटीवर जाती व्हय रे, ओमप्रकाश?"

सकाळपासून भुरभुर चालू होती. सोयाबीनच्या बांधावरून आम्ही निघालो. धरण अर्धंच भरलेलं, पाणी पार लांब सरकलेलं. काठाचा काळा चिखल चप्पल सोडायला तयार नव्हता. पुढे पोरी गात होत्या, मागून आत्या ओरडत होती, "टोपली खाली टेकवायची न्हाई!" हा तिचा जुना नेम. वाटेत कुणी टेकवली की तिचा उद्धार ठरलेला.

पाणी दिसायला लागलं आणि आत्या मटकन खाली बसली. मी उठवायला गेलो, तर तिचे पाय धरेनात.

"तुमी जा. मी हितूनच बघते." आवाज इतका दमलेला की मला भीती वाटली.

पुजा मागे फिरली. सगळ्यांच्या देखत तिनं टोपली उतरवली, चिखलात ठेवली आणि आत्याशेजारी बसली. "तुझ्याबिगर मी न्हाई जायची."

गाणं थांबलं. आता भडका उडणार, म्हणून मी मध्ये पडायच्या तयारीत. आत्यानं टोपलीला लागलेला चिखल पदरानं पुसला.

"नेम माझाच हाय, देवाचा न्हाई," ती म्हणाली. "एकदा बसले तर परत उठणं व्हायचं न्हाई, ह्या भेवानं मी कधी वझं टेकवलंच न्हाई. तुमालाबी तेच शिकवलं." मग पुजाचा हात धरला. "सासरी दमलीस की टेकव, बाई. कुणी काही बी म्हणू दे."

पुजाला रडू फुटलं, मलाही. बऱ्याच वेळानं पुजानं टोपली परत डोक्यावर घेतली, आत्यानं आम्हा दोघांच्या खांद्यांवर हात टाकले आणि आम्ही तिला पाण्यापर्यंत नेलं. तिचं वजन इतकं कमी असेल, असं मला वाटलं नव्हतं.