पहिले पेशंट भाऊजी

माझ्या ताईचा नवरा, म्हणजे आमचे भाऊजी, जन्मभर ट्रक चालवून निवृत्त झाले आणि घरी बसून ताईचं डोकं खायला लागले. भाजी अशीच का चिरली, टीव्ही इतका हळू का लावला. शेवटी ताई मला म्हणाली, तुझ्या त्या फुकटच्या कामाला यांनाही ने, नाहीतर मला वेड लागेल. मी नर्स. महिन्यातून एका रविवारी आम्ही काही डॉक्टर आणि नर्स जुनी व्हॅन घेऊन एका गावात जातो. तिथे ना दवाखाना, ना धड रस्ता. ड्रायव्हर हवाच होता. भाऊजी आले ते आलेच.

गाव त्यांना ‘भोंगा’ म्हणतं. वळणावर सुरू झालेला हॉर्न शाळेच्या आवारात गाडी थांबेपर्यंत बंद होत नाही. बोलणंही तसंच, शेजारच्याशी बोलतील ते पलीकडच्या गल्लीला कळेल. मी कितीदा करवादले, पण ऐकतील तर शपथ. आम्ही पेशंट बघत असताना हे हातपंप दुरुस्त करतात, शाळेचे मोडके बाक ठोकून देतात, म्हाताऱ्यांना हाताला धरून घेऊन येतात. माणूस सोन्यासारखा आहे, पण हे मी त्यांच्या तोंडावर म्हणणार नाही, लगेच शेफारतील.

आमची एक पद्धत पडून गेली आहे. सुरुवातीला गावातली माणसं रक्तदाबाच्या पट्ट्यालासुद्धा घाबरायची. तेव्हा भाऊजींनी बाही वर करून सगळ्यांदेखत तो दंडाला बांधून घेतला. तेव्हापासून कुठलंही नवं यंत्र आलं की पहिले पेशंट भाऊजी. दातांची खुर्ची असो की डोळ्यांचा तक्ता, उद्घाटन त्यांच्यावर. त्यांना ते भारी आवडतं.

एका खेपेला कान तपासायचं यंत्र आलं. एका दिवसापुरतं उसनं मिळालेलं, आणि सोबत कानांची तरुण डॉक्टरीण. शांत जागा हवी म्हणून भाऊजींनीच व्हॅनच्या काचांना आतून गाद्या लावल्या. पेशंटने हेडफोन घालून पुढच्या सीटवर बसायचं आणि आवाज आला की मांडीवरच्या डब्यात खडा टाकायचा. डॉक्टरीण मागे बसून बटण दाबणार, म्हणजे तिचा हात पेशंटला दिसायचा नाही.

भाऊजींना बोलावलं तर म्हणाले, आज राहू दे, टायर बघायचाय. मी म्हटलं, टायर काही पळून जात नाही. गाव हसलं. ते निमूट जाऊन स्टिअरिंगपाशी बसले आणि एकेक खडा टाकत गेले. एकही चुकला नाही. डॉक्टरीण खूश झाली, यंत्र ठीक आणि माणूसही ठणठणीत.

मग खरे पेशंट. वीटभट्टीवर काम करणारी एक बाई आपल्या लहान मुलीला घेऊन सकाळपासून बसली होती. मुलगी चार वर्षांची होऊनही बोलत नव्हती. मी तिला मांडीवर घेऊन पुढे बसले, खाणाखुणांनी खेळ समजावला. डॉक्टरीण आवाज वाढवत गेली. पोर खडा मुठीत धरून गादीवरची फुलं बघत राहिली.

बाहेर येऊन डॉक्टरिणीने जमेल तितक्या हळुवारपणे सांगितलं की मुलीला काहीच ऐकू येत नाही असं दिसतंय, आणि अशा कानाला साध्या श्रवणयंत्राचाही उपयोग होत नाही. आई रडली नाही. एवढंच म्हणाली, “पण या गाडीचा भोंगा वाजला की ही खेळ टाकून दारात पळत येते.”

डॉक्टरीण म्हणाली, गाडी येताना जमिनीला हादरे बसतात, त्यावरून कळत असेल. आईने मान हलवली आणि पोरीच्या पायात चप्पल घालायला वाकली.

भाऊजी तिथेच पान्हा पुसत उभे होते. काय म्हणाली ती, असं त्यांनी मला विचारलं. डॉक्टरिणीचा निकाल आणि आईचं भोंग्याचं बोलणं, दोन्ही मी वैतागून मोठ्याने सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. ते डॉक्टरिणीसमोर जाऊन उभे राहिले.

“मशीन परत बघा,” ते म्हणाले. “मला एकही आवाज आला नव्हता.”

“अहो, तुम्ही तर सगळे खडे बरोबर टाकलेत.”

“आरशात तुमचा हात दिसत होता. हात हलला की मी खडा टाकत होतो.” मग मान खाली घालून म्हणाले, “कान गेलेत माझे. कळलं असतं तर गाडी काढून घेतली असती तुम्ही.”

सगळ्यांच्या देखत त्यांनी हे सांगितलं, आणि नेहमीप्रमाणे पलीकडच्या गल्लीलाही कळलं.

डॉक्टरिणीने हेडफोन आधी स्वतःच्या कानाला लावला. आवाजच नव्हता. रस्त्याच्या खड्ड्यांनी वायर अर्धी निसटली होती. ती नीट बसवून, आरसा छताकडे फिरवून, तिने पोरीला पुन्हा बसवलं. बराच वेळ काही झालं नाही. मग पोर दचकली, हेडफोन चाचपला, माझ्याकडे बघितलं आणि डब्यात खडा टाकला. मला रडू आलं, त्यात लाज कसली? बारीक आवाज तिच्यापर्यंत पोचत नव्हते, पण मोठे पोचत होते. यंत्र लावलं तर ऐकेल, बोलायलाही शिकेल, असं डॉक्टरीण म्हणाली. आई तिथेच मातीत बसली आणि हसत सुटली.

भाऊजींचे खडे मात्र मोजकेच पडले. डोळे चांगले आहेत, कानाला यंत्र लावून खुशाल गाडी चालवा, पण तोवर नाही, असा निकाल लागला. परतताना दातांच्या डॉक्टरांनी व्हॅन चालवली आणि भाऊजींनी त्यांना घर येईपर्यंत शिकवलं.

यथावकाश दोघांनाही यंत्रं मिळाली. ताई म्हणते, टीव्हीचा आवाज खाली आला हे खरं, पण आता मी पुटपुटलेलंही यांना ऐकू जातं, हे नवीनच दुखणं. गाडी पुन्हा हातात आली त्या रविवारी भाऊजींनी निघण्याआधी हॉर्न दाबून बघितला आणि स्वतःच उडाले.

“एवढा मोठा वाजतो हा? आणि मला कुणीच बोललं नाही?”

मी कपाळाला हात लावला. बिचारे इतके ओशाळले की गाव आलं तरी हॉर्नला बोट लावलं नाही. आम्ही टेबलं मांडली, औषधं काढली, पण आवारात चिटपाखरू नाही. हातपंपावर आलेली एक म्हातारी आम्हाला बघून चकित झाली.

“आलात होय? भोंगा तर वाजला नाही.”

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. कानातलं यंत्र काढून जपून खिशात ठेवलं, गाडीत चढले आणि हॉर्नवर जो हात ठेवला तो उचलेचनात. घरोघरची दारं उघडायला लागली. सगळ्यांच्या पुढे वीटभट्टीवालीची पोर पळत येत होती, दोन्ही हातांनी कान गच्च दाबून.