मानेचं दुखणं

सुया टोचून घ्यायला मी दादरला जाते, हे आमच्या करी रोडच्या टॉवरमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. कशासाठी जाते, ते फक्त आईला आणि मला. आईने मजल्यावर सांगून ठेवलं होतं, मानेचं आहे. दिवसभर ऑफिसात कॉम्प्युटरपुढे बसणाऱ्या बाईची मान धरणं हे तसं इभ्रतीचं दुखणं. त्यावर कुणी उलटतपासणी घेत नाही, फार तर शेक द्यायला सांगतात.

खरं म्हणजे मला डिप्रेशन होतं. सकाळी दात घासायला उठणंही जमेनासं झालं, रजा संपल्या, तेव्हा मी परळच्या एका मनोविकारतज्ज्ञांकडे गेले. त्यांच्या गोळ्यांनी मी उठायला लागले, पण झोप तुटकच राहिली आणि छातीत सारखी धडधड. ऑफिसातल्या मैत्रिणीने ॲक्युपंक्चर सुचवलं. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, "करून बघा. जोडीला म्हणून हरकत नाही. गोळ्या मात्र मला विचारल्याशिवाय सोडायच्या नाहीत."

आमचं घर बौद्ध. आई रोज सकाळी वंदना म्हणते, रविवारी विहारात जाते. मन आवरावं, मन स्वच्छ ठेवावं, असं तिथे इतकं बोललं जातं की तेवढं मी डॉक्टरांकडेही ऐकलेलं नाही. पण मन आजारी पडतं, हे तिला विहारातल्या बायकांसमोर तोंडातून काढवेना. "लोक म्हणतील, ही एवढी वंदना घेते आणि पोरीचं डोकं फिरलं," ती म्हणाली. मला राग आला, पण भांडायलाही अंगात ताकद लागते. शेवटी मानेवर तडजोड झाली.

दवाखाना साड्यांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. पडदे लावलेल्या खाटा, आणि सुया लावणाऱ्या बाई पन्नाशीच्या, कामापुरतं बोलणाऱ्या. मनगटाच्या आतल्या बाजूला, पायाच्या बोटांच्या बेचक्यात, दोन भुवयांच्या मध्ये त्या केसासारख्या बारीक सुया लावायच्या. आधी मुंगी चावल्यासारखं व्हायचं, मग ती जागा जड पडायची. "जड वाटतंय? छान," म्हणून त्या पडद्यापलीकडच्या कुणाच्या तरी गुडघ्यांकडे जायच्या. मी चमत्काराची वाट बघत नव्हते आणि तो झालाही नाही. पण अंगाला सुया असताना हलता येत नाही, फोन घेता येत नाही, कुणी चहा टाक म्हणत नाही. तेवढ्या वेळात धडधड खाली बसायची आणि त्या दिवशी झोपही बरी लागायची. ते सुयांनी व्हायचं की निमूट पडून राहण्याने, हे मला आजही सांगता येणार नाही. बाईंनीही कधी छातीठोकपणे सांगितलं नाही.

शेजारच्या काकी चाळीपासूनच्या. चाळ पाडून टॉवर झाला तरी त्यांचं दार दिवसभर उघडंच. मी लिफ्टमधून बाहेर आले की ठरलेली थट्टा, "काय गं, काढून आलीस पंक्चर?" एकदा त्या साखर मागायला आल्या आणि टेबलावरची गोळ्यांची पाकिटं त्यांना दिसली.

"मानेला एवढ्या गोळ्या? सुया चालू आहेत ना? मग पोटात कशाला कचरा घालतेस? किडन्या जातील. बंद कर."

आईने वाटीभर साखर देऊन त्यांना वाटेला लावलं. पण पुढच्या आठवड्यापासून तेच बोलणं तिच्या तोंडून यायला लागलं. दुसऱ्यांना मान मान सांगून तिला स्वतःलाच ते पटलं होतं की काय, कोण जाणे. मलाही बरं वाटत होतं. मी गोळ्या सोडल्या.

थोड्याच दिवसांत डोक्यात झिणझिण्या यायला लागल्या, उगाचच रडू फुटायला लागलं. एका दुपारी दवाखान्यात जाताना मी दादरच्या पुलावर कठडा धरून थांबले आणि खालच्या रुळांकडे बघत राहिले. नुसतंच बघत होते. पण त्या बघण्याची मला भीती वाटली, म्हणून भराभर चालत दवाखाना गाठला.

बाईंनी नाडी धरली आणि नेहमीसारखं विचारलं, "गोळ्या चालू आहेत ना?" मी सगळं सांगितलं, पुलासकट. त्यांनी हातातली सुई ट्रेमध्ये ठेवून दिली.

"सुया गोळ्यांच्या जोडीला, गोळ्यांच्या जागी नाही. आज मी सुया लावणार नाही. घरून कुणाला तरी बोलवा आणि आत्ताच्या आत्ता परळला जा."

आई आली. टॅक्सीत तिने माझा हात सोडला नाही. डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या आणि आईला विचारलं, "बंद करायला सांगितलं कुणी?"

"शेजारणीनं," आई म्हणाली. एवढं सगळं होऊनही मला हसू आलं.

घरी आलो तेव्हा काकी दारात मेथी निवडत होत्या. "काय गं, मान कशी आहे पोरीची?"

आई थांबली. "मानेचं नव्हतं ते. मनाचं आहे."

आत टीव्ही मोठ्याने चालू होता. "तेच विचारतेय, मान कशी आहे?"

"मान नाही गं. मन."

"आं?"

"मन!" आई जवळजवळ ओरडलीच. "मनाचा आजार आहे तिला! त्याच्या गोळ्या होत्या त्या!"

समोरचं एक दार किलकिलं झालं. मला आईचा अभिमान वाटला आणि लिफ्टमध्ये परत शिरावंसंही वाटलं. काकींनी उठून टीव्ही बंद केला आणि परत येऊन दारातच उभ्या राहिल्या.

"मग तसं सांगायचं ना," त्या चिडून म्हणाल्या. "मी मानेच्या हिशोबानं बोलले. मनाच्या गोळ्या बंद कर असं मी मेले तरी सांगितलं नसतं. माझ्या धाकट्या भावाच्या आम्ही बंद केल्या होत्या."

त्या भावाबद्दल चाळीत सगळ्यांना एकच माहीत होतं. "तो गावाला असतो ना?" आईने विचारलं.

"गावाला नाही," काकी म्हणाल्या. "गेला तो."